मुंबईच्या उपनगरांतील श्वानमाद्या आणि स्तनगाठींचा इतिहास

मादी कुत्र्यांच्या स्तनग्रंथींत होणाऱ्या गाठी हा पशुवैद्यकांना वारंवार भेटणारा विकार असून, अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या मारक, म्हणजे शरीरात अन्यत्र पसरू शकणाऱ्या असतात, असे सामान्यतः मानले जाते. अंधेरी-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंड या पट्ट्यांत हा विकार केव्हापासून दिसू लागला, याचा उलगडा मात्र शहराने कुत्र्यांशी केलेल्या व्यवहाराकडे पाहिल्यावाचून होत नाही. याचे कारण असे की ही गाठ उतारवयाची आहे; ती बहुधा नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास दिसते, आणि ज्या कुत्रीला तेवढे आयुष्यच लाभत नाही तिच्या नावावर हा रोग लागत नाही.

मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची प्रथा जुनी आहे. तिच्याविरुद्ध 1832 मध्ये पारशी समाजाने केलेला दंगा प्रसिद्धच आहे. 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था, पुढील दशकात परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि 1886 मध्ये त्याला जोडून पशुवैद्यक महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा उपनगरे ही शहराबाहेरची गावे आणि गावठाणे होती. 1950 आणि 1957 च्या विस्तारांनी ती महानगरपालिकेच्या हद्दीत आली. 1994 पासून पालिकेने कुत्री मारण्याऐवजी त्यांच्या नसबंदीचे धोरण स्वीकारले, आणि 2001 च्या केंद्रीय नियमांनी ही पद्धत देशभर लागू झाली. मादीच्या नसबंदीत बीजकोश आणि गर्भाशय काढून टाकतात व ओळख म्हणून कानाला खाच पाडतात. या धोरणाचा हेतू रेबीज आणि संख्यावाढ यांना आळा घालणे एवढाच होता. कर्करोगाचा विचार त्यात नव्हता.

तरीही परिणाम त्या दिशेने होणे अपेक्षित होते. बीजकोशांतील संप्रेरके, म्हणजे रक्तातून वाहणारी नियंत्रक द्रव्ये, स्तनपेशींच्या वाढीला चालना देतात. 1969 मध्ये कॅलिफोर्नियातील श्नायडर, डॉर्न आणि टेलर यांनी दाखवले की पहिल्या माजापूर्वी नसबंदी झालेल्या कुत्रीचा धोका नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत 0.5 टक्का, एका माजानंतर 8 टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर 26 टक्के एवढाच उरतो. हे आकडे नेहमी चुकीचे वाचले जातात: शंभरांतील आठ कुत्र्यांना गाठ होते, असा त्यांचा अर्थ मुळीच नाही. शिवाय 2012 मध्ये ब्रिटनमधील अभ्यासकांनी सर्व उपलब्ध पुरावा तपासून तो दुबळा ठरवला. तेव्हा संबंध संभाव्य असला तरी त्याचे माप निश्चित मानता येत नाही.

रस्त्यावरील कुत्री पकडली जाते तोपर्यंत तिचे एक-दोन कार्तिक, म्हणजे विणीचे हंगाम, बहुधा उलटलेले असतात. त्यामुळे तिला मिळणारे संरक्षण अपुरे राहते. सोसायटीतील पाळीव कुत्रीची कथा वेगळी आहे. 1980 आणि 1990 च्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत पांढरे पामेरियन लोकप्रिय होते. 'एकदा तरी पिल्ले व्हावीत' या समजुतीने पाळीव माद्यांची नसबंदी लांबवली जाते. पिल्ले झाल्याने गाठीपासून संरक्षण मिळते, याला मात्र भक्कम आधार नाही. माज लांबवण्याच्या संप्रेरक-इंजेक्शनांनी तर धोका वाढतो. औषध, लस आणि खाणे यांमुळे ही कुत्री दहा-बारा वर्षे जगते, आणि तिच्या पोटावर हात फिरवताना मालकाला गाठ लागते.

म्हणून दवाखान्यांच्या नोंदींवरून पामेरियन वा लॅब्रॅडॉर जातीला हा रोग अधिक होतो असे म्हणणे घाईचे ठरते, कारण त्या नोंदींत आलेले रोगीच असतात, एकूण कुत्री किती याचा पत्ता नसतो. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या याद्यांमुळे हा भाजक मिळाला. तेथे नसबंदी विरळ असल्याने दहा वर्षांपर्यंत सुमारे 13 टक्के माद्यांना गाठी झाल्याचे दिसले. मुंबईत 2014 च्या गणनेत मोकाट कुत्री 95,172 भरली. तो आकडाही गाठींचा भाजक म्हणून अपुरा आहे, कारण रस्त्यावरील कुत्रीचे वय आणि नसबंदीच्या वेळचे वय ठाऊक नसते. उपनगरांतील पशुवैद्यकांनी गाठ असलेल्या प्रत्येक मादीची जात, वय आणि नसबंदीचे वय लिहून ठेवावे आणि गाठ नसलेल्या माद्यांचीही तशीच नोंद करावी.