गो कंपायलर : सोर्स कोडची रचना

गो या प्रोग्रॅमिंग भाषेचा अधिकृत कंपायलर भाषेच्या मुख्य भांडारातच, 'सीएमडी/कंपाइल' या फोल्डरमध्ये असतो. मुळात तो सी भाषेत होता. २०१५ च्या १.५ आवृत्तीत तो बराचसा यांत्रिक रूपांतराने गोमध्ये आणला गेला. तेव्हापासून तो बांधण्यासाठी आधीचा एखादा गो कंपायलर लागतो.

बहुतेक कोड 'इंटर्नल' फोल्डरमधील पॅकेजेसमध्ये विभागलेला आहे. 'सिंटॅक्स' मजकूर वाचून वाक्यरचनेचा वृक्ष बनवते, तर 'टाइप्स२' प्रकार तपासते. नावातला दोनचा आकडा खटकतो खरा. पण जुने 'टाइप्स' पॅकेजही अजून वापरात आहे. 'नोडर' हे पॅकेज वाक्यरचनेच्या वृक्षाचे कंपायलरच्या अंतर्गत रूपात रूपांतर करते. एखादे चल स्टॅकवर राहील की हीपवर, हे 'एस्केप' ठरवते.

सर्वांत लक्षणीय भाग 'एसएसए' (स्टॅटिक सिंगल असाइनमेंट) हा आहे; प्रत्येक मूल्य एकदाच ठरवले जाते अशा रूपात कोड आणून तो त्यात सुधारणा करतो. १.७ आवृत्तीत (२०१६) तो प्रथम एएमडी६४ प्रोसेसरसाठी आला. त्यातील सुधारणांचे बरेच नियम 'डॉट रूल्स' फाइल्समध्ये 'अशी क्रिया दिसली तर तिच्या जागी ही घाला' अशा थोडक्या रूपात लिहिलेले असतात. त्यांवरून एक छोटा प्रोग्रॅम हजारो ओळींचा गो कोड तयार करतो. हा तयार कोड हाताने दुरुस्त करणे व्यर्थ, कारण पुढच्या निर्मितीत तो पुसला जातो. नवख्यांनी आधी नियमांच्या फाइल्स वाचाव्यात. प्रत्येक प्रोसेसरचे खास काम वेगळ्या पॅकेजमध्ये असते. लिंकर मात्र कंपायलरबाहेर, 'सीएमडी/लिंक'मध्ये आहे.