परिसर अभ्यासातून शब्दसंग्रह विकास

परिसर अभ्यासातून शब्दसंग्रह विकास ही बालशिक्षण व प्राथमिक शिक्षणातील एक अध्यापन-दृष्टी आहे. कुटुंब, शेजार, गाव, बाजार, व्यवसाय, नकाशा, नियम आणि भूतकाळ या सामाजिक विषयांची पहिली ओळख होत असतानाच मुलाने त्या विषयांचे शब्द अर्थासह आत्मसात करावेत, अशी तिची मांडणी आहे. शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा ही पद्धत वेगळी आहे. तीत शब्द एकेकटा येत नाही, अनुभवासोबत आणि इतर शब्दांसोबत येतो. महाराष्ट्रात याचा संबंध प्रामुख्याने अंगणवाडी, बालवाडी आणि प्राथमिक शाळेतील ‘परिसर अभ्यास’ या विषयाशी येतो.

संकल्पना

मूल नवा शब्द पहिल्यांदा ऐकताच त्याची एक पुसट खूण मनात ठेवते, परंतु पूर्ण अर्थ हाती येण्यास बराच काळ लागतो. सुझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर ऑलिव्ह रंगाच्या तबकाला ‘क्रोमियम’ असे अपरिचित नाव सहज बोलण्याच्या ओघात देण्यात आले. अगदी मोजक्या वेळा ऐकूनही अनेक मुलांच्या मनात हा शब्द रंगाचा असल्याची जाणीव उरली. नेमका कोणता रंग, हे ठरण्यास मात्र वेळ लागला. म्हणून एकच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा भेटणे महत्त्वाचे ठरते.

इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिओन आणि लिंडा क्यूकन यांनी शब्दांचे तीन स्तर कल्पिले आहेत: रोजच्या बोलण्यातील शब्द, अनेक विषयांत उपयोगी पडणारे प्रगल्भ शब्द आणि एखाद्या विषयापुरते पारिभाषिक शब्द. मराठीत ‘घर’, ‘भाकरी’ पहिल्या स्तरात, ‘गरज’, ‘बदल’, ‘तुलना’, ‘जबाबदारी’ दुसऱ्या स्तरात, तर ‘अक्षांश’, ‘ग्रामसभा’ तिसऱ्या स्तरात बसतील. सामाजिक विषयांचे वैशिष्ट्य असे की, दुसऱ्या स्तरातील अमूर्त शब्द तेथे विपुल असतात. ‘हक्क’ किंवा ‘नियम’ ही वस्तू बोट दाखवून सांगता येत नाही. झोक्यावर पाळी कोणाची, हे मुले आपसात ठरवतात तेव्हा ‘पाळी’, ‘नियम’ आणि ‘अन्याय’ हे तिन्ही शब्द एकाच भांडणात शिकवता येतात.

आठवडी बाजाराचे उदाहरणही बोलके आहे. बाजारात मुलाला गिऱ्हाईक, वजन, भाव, नग, सुटे, उधारी हे शब्द एकमेकांशी बांधलेले सापडतात. ‘उधारी’ कळण्यासाठी ‘पैसे देणे’ आणि ‘नंतर’ या दोन्ही कल्पना आधी असाव्या लागतात.

इतिहास

लुसी स्प्रेग मिचेल यांनी १९१६ मध्ये न्यू यॉर्क येथे ब्यूरो ऑफ एज्युकेशनल एक्सपेरिमेंट्स ही संस्था स्थापली. तिचेच रूपांतर पुढे बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये झाले. लहान मुलांच्या गोष्टी त्यांच्या डोळ्यांसमोरच्या जगाच्या असाव्यात, असा मिचेल यांचा आग्रह होता. १९२१ च्या ‘हिअर अँड नाऊ स्टोरी बुक’मध्ये तो दिसतो. घरापासून शेजार, गाव, राज्य, देश असे वर्तुळ वाढवत नेण्याचा अभ्यासक्रम अमेरिकेत पॉल हॅना यांनी रूढ केला.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यात आहेत. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केल्यानंतर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, यातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. या दोन्ही नावांतच परिसर आहे. महागडी साधने टाळून पाने, बिया, शंख, खडे ही साधने वापरल्यामुळे वर्गीकरणाचे शब्द मुलांना ठाऊक असलेल्या वस्तूंवरच बसवता आले.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार पहिली-दुसरीत परिसर अभ्यास भाषा व गणितात मिसळलेला असतो आणि तिसरीपासून तो स्वतंत्र विषय होतो. बालभारतीने तिसरीसाठी जिल्हावार पाठ्यपुस्तके काढली. आपल्या जिल्ह्यातील नदी, घाट, पीक यांची नावे पुस्तकात भेटणे ही शब्दसंग्रहाच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हे.

मराठीतील विशेष

नातेवाचक शब्दांची विविधता ही मराठी मुलाची मोठी पुंजी आहे. इंग्रजीतील एका ‘आंटी’च्या जागी मराठीत आत्या, मावशी, काकू, मामी असे स्वतंत्र शब्द आहेत. त्यांतून वडिलांकडचे व आईकडचे, जन्माचे व लग्नाचे नाते वेगळे होते. वंशवृक्ष काढताना मूल हे वर्गीकरण नकळत करत असते.

कालवाचक शब्द याउलट अडचणीचे आहेत. मराठीतील ‘काल’ फक्त मागच्या दिवसाचा असतो, पण ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. इतिहासाकडे वळण्यापूर्वी हे शब्द घटनाक्रमाच्या पट्टीवर मांडून घेणे हितावह ठरते. दिशांबाबत खेड्यातील मुलाकडे ‘उगवतीकडे’ आणि ‘मावळतीकडे’ हे शब्द आधीच असतात. ‘पूर्व’ व ‘पश्चिम’ त्यांच्यावर जोडले, तर प्रमाण शब्द परका वाटत नाही. बांध, ओढा, शिवार, पांदण या शब्दांकडून ‘भूरूपे’ व ‘दळणवळण’ या पुस्तकी शब्दांकडे जाण्याचा मार्गही हाच आहे. शिक्षकाने बोलीतील शब्द चूक ठरवून खोडला, की हा पूल तुटतो. घरी कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठीच दुसरी भाषा असते. त्याच्या ओळखीच्या वस्तूचे शाळेतील नाव त्याला ठाऊक नसते आणि त्यामुळे ती वस्तूच त्याला अनोळखी आहे असा गैरसमज होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली आहे.

संशोधन

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ च्या अभ्यासात बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या, पण वाचनात कच्च्या विद्यार्थ्यांनी त्या खेळाविषयीचा उतारा समजून घेण्यात, माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांना मागे टाकले. विषयज्ञान व शब्दज्ञान वाचनाचा पाया आहे, याचा हा दाखला मानला जातो. अमेरिकेतील फोर्डहॅम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात सामाजिक शास्त्रांना अधिक वेळ देणाऱ्या प्राथमिक वर्गांतील मुलांची वाचनप्रगती अधिक आढळली, तर भाषेच्या तासांत वाढ केल्याने तसा लाभ दिसला नाही. कमी उत्पन्नाच्या आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणाऱ्या घरांतील मुलांना हा लाभ अधिक होता. हा सहसंबंध आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

बेट्टी हार्ट आणि टॉड रिस्ली यांचा १९९५ चा, घरोघरी ऐकू येणाऱ्या शब्दसंख्येतील दरीविषयीचा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. तो ४२ कुटुंबांवर आधारित होता. मुलाच्या कानावर पडणारे आजूबाजूच्या माणसांचे बोलणे त्यात पुरेसे धरले नव्हते, असा आक्षेप नंतरच्या संशोधकांनी घेतला. एकत्र कुटुंब आणि गजबजलेली वस्ती असलेल्या समाजात हा आक्षेप अधिकच लागू पडतो.

टीका व मर्यादा

‘जवळून दूर’ या क्रमावर डायान रॅव्हिच आणि कीरन ईगन यांनी टीका केली. मुलाला ठाऊक असलेलेच पुन्हा शिकवण्यात वेळ जातो आणि कथा, पुराणे, इतिहास यांतील दूरचे, रोमहर्षक शब्द त्याला उशिरा भेटतात, असा तिचा रोख आहे. महाराष्ट्रातील चौथीचे शिवचरित्र या टीकेला बळ देते. जहागीर, तह, वतन, किल्लेदार यांपैकी काहीही नऊ वर्षांच्या मुलाने पाहिलेले नसते, तरी गोष्टीच्या ओघात हे शब्द पक्के होतात.

व्यवहारातील मुख्य अडचण वेळेची आहे. वाचन व अंकज्ञानाची चाचणी जवळ आली, की परिसरभेट प्रथम रद्द होते. मूल्यमापनही बहुधा रिकाम्या जागा भरण्यापुरते उरते. ‘सरपंच’ हा शब्द योग्य जागी लिहिणाऱ्या मुलाला आपल्या गावची सरपंच कोण आणि ती काय करते, हे सांगता येते का, याची तपासणी तोंडी संभाषणातूनच होऊ शकते.