वसईची बोट समुद्रात निघण्याआधी काय काय जमवावं लागतं? खलाशी, बर्फ, डिझेल आणि कागदपत्रांचा हिशेब

१ ऑगस्ट उजाडला की 'मासेमारी पुन्हा सुरू' अशा बातम्या येतात आणि खवय्ये ताज्या पापलेटची, बोंबलाची वाट पाहू लागतात. पण बंदी उठली म्हणून बोट लगेच निघते असं नाही. वसई तालुक्यातल्या पाचूबंदर, नायगाव, खोचिवडे, अर्नाळा या मच्छीमार वस्त्यांमध्ये त्याआधी कित्येक दिवस जुळवाजुळव सुरू असते.

फेरी फायद्यात जाणार की तोट्यात, हे बऱ्याच अंशी या तयारीतच ठरतं. कारण खोल समुद्रात संपलेला बर्फ विकत मिळत नाही आणि न आलेल्या खलाशाच्या जागी दुसरा माणूस उभा करता येत नाही.

बंदी कधी असते?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी करता येत नाही. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि पावसाळ्यात समुद्रही खवळलेला असतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो. तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू होतो. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवण्यात आला. त्यापलीकडच्या समुद्रासाठी केंद्र सरकार बंदीचा आदेश काढतं.

बंदीच्या आधी बोटी किनाऱ्यावर घेऊन शाकारल्या जातात, म्हणजे पावसापासून बचावासाठी झाकून ठेवल्या जातात. याच काळात बोटीचा तळ खरवडणं, फळ्यांच्या फटी बुजवणं, रंग देणं, इंजिन उघडून तपासणं आणि फाटलेली जाळी विणणं ही कामं होतात. कमाई बंद आणि खर्च मात्र सुरू, असे हे दोन महिने असतात.

बोटीवर कोण कोण असतं?

बोटीचा मालक म्हणजे नाखवा. बोट चालवणारा, जाळं कुठे टाकायचं हे ठरवणारा तो तांडेल. बाकीचे खलाशी. काही ठिकाणी नाखवाच तांडेल असतो. लहान होडीला तीन-चार माणसं पुरतात, मोठ्या बोटीला दहा-बारा किंवा त्याहून जास्त लागतात. त्यातल्याच एकाकडे स्वयंपाक असतो.

पूर्वी हे मनुष्यबळ घरातूनच मिळायचं. भाऊ, मुलगा, पुतण्या असं कुटुंबच बोटीवर असायचं. आता अनेक घरांतली तरुण मुलं शिकून नोकरीला लागली आहेत. त्यामुळे पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागातून तसंच उत्तर प्रदेश, झारखंड, अगदी नेपाळमधूनही खलाशी आणले जातात.

दुसरीकडे डहाणू, तलासरी भागातले अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. त्यामुळे चांगला खलाशी मिळवण्यासाठी चढाओढ असते. म्हणून आधी तांडेल पक्का केला जातो. चांगल्या तांडेलाबरोबर त्याच्या भरवशाची माणसंही येतात.

'उचल' म्हणजे काय?

हंगाम सुरू होण्याआधी खलाशांना काही रक्कम आगाऊ दिली जाते. तिला उचल म्हणतात. पावसाळ्यात खलाशाच्या घरी शेतीचा, शाळेचा, आजारपणाचा खर्च असतो, तो यातून भागतो. नंतर ही रक्कम पगारातून किंवा वाट्यातून वळती होते.

यात धोका दोन्ही बाजूंना असतो. उचल घेतलेला माणूस आलाच नाही तर नाखव्याचे पैसे अडकतात आणि बोटही थांबते. उलट उचल मोठी असेल तर खलाशाला मध्येच काम सोडता येत नाही. म्हणून रक्कम, पगार किंवा वाटा, जेवणखाण आणि हंगामाची मुदत निघण्यापूर्वीच लिहून ठेवणं दोघांच्याही हिताचं असतं.

बर्फ किती घ्यायचा?

बर्फाचं गणित समजायला सोपं आहे. ३० अंश तापमानाची १ किलो मासळी शून्य अंशापर्यंत थंड करायला साधारण ३०० ग्रॅम बर्फ लागतो. मग बोटीवर टनावारी बर्फ कशाला? कारण मासळी नुसती थंड करून चालत नाही, किनाऱ्यावर येईपर्यंत ती थंडच ठेवावी लागते. बाहेरच्या उष्णतेने बर्फ रोज वितळत असतो. म्हणून अनेक दिवसांच्या फेरीसाठी जेवढी मासळी अपेक्षित, साधारण तेवढाच बर्फ घेण्याचा सल्ला दिला जातो.

बर्फ कमी पडला तर जाळ्यात मासळी असूनही फेरी अर्ध्यावर सोडावी लागते. जास्त झाला तर पैसा अक्षरशः पाण्यात. बोंबलासारख्या मऊ, भरपूर पाणी असलेल्या मासळीला तर जराही दिरंगाई चालत नाही. ती एकतर बर्फात जाते किंवा किनाऱ्यावर आल्यावर वाळत घातली जाते.

डिझेल, पाणी आणि शिधा

फेरीच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो. मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेल घेणाऱ्या पात्र बोटींना राज्य सरकार मूल्यवर्धित कराचा परतावा देतं. पण परतावा नंतर मिळतो, आधी पूर्ण किंमत मोजावी लागते. तो रखडला की पुढच्या फेरीचं भांडवल अडकतं. अशा वेळी काही जण मासळीच्या व्यापाऱ्याकडून पैसे उचलतात आणि मग मासळी त्याच व्यापाऱ्याला, बहुतेकदा त्याच्याच भावाने द्यावी लागते.

पाण्याचा अंदाज माणशी काढतात. समजा, बोटीवर ८ माणसं आहेत, फेरी ७ दिवसांची आहे आणि पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर पाणी धरलं, तर २८० लिटर होतं. बिघाड किंवा वादळामुळे परतायला उशीर झाला तर? म्हणून दोन दिवसांचं जास्त धरून ३६० लिटर घ्यावं लागेल.

शिध्यात तांदूळ, पीठ, डाळ, कांदे-बटाटे, तेल, मसाला, चहा-साखर असते. कालवणाची मासळी जाळ्यातून मिळते. गॅस, औषधं, बॅटरी, दोर, बोये, इंजिनाचे सुटे भाग आणि जाळं शिवायचं साहित्य हेही विसरून चालत नाही. अर्नाळा किल्ल्याची वस्ती बेटावर आहे. तिथे तर घरचा किराणासुद्धा होडीनेच न्यावा लागतो.

कोणती कागदपत्रं लागतात?

बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा आणि बोटीवरच्या प्रत्येकाचं ओळखपत्र सोबत हवं. ओळखपत्राबाबतची कडक तपासणी २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर वाढली. हल्लेखोरांनी 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट ताब्यात घेऊनच मुंबई गाठली होती.

पण ओळखपत्र फक्त पोलिसांना दाखवण्यासाठी नसतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. मात्र त्यासाठी खलाशाची नोंद असावी लागते. ऐन वेळी नाव-गाव न नोंदवता बोटीवर घेतलेल्या माणसाचं काही बरंवाईट झालं, तर तो बोटीवर होता हे सिद्ध करतानाच त्याच्या घरच्यांची दमछाक होते.

निघण्याची वेळ कशी ठरते?

वसईच्या किनाऱ्यावर आणि खाडीत गाळ आहे. ओहोटीला अनेक बोटी चिखलात टेकतात. त्यामुळे सामान भरणं आणि निघणं भरतीच्या वेळेत बसवावं लागतं. त्यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास.

डोल जाळ्याने मासेमारी करणाऱ्यांसाठी तर तिथी आणखी महत्त्वाची. हे जाळं एका जागी बांधलेलं असतं आणि पाण्याच्या ओढीवर मासळी त्यात शिरते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ जोरात असते, अष्टमीच्या भांगाला मंदावते. म्हणून दुरुस्ती, खरेदी भांगात उरकून उधाणाला बोट तयार ठेवतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र पुरता निवळलेला नसतो. म्हणून अनेक जण नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच बोट बाहेर काढतात. वसईतल्या ख्रिस्ती कोळी समाजात धर्मगुरूंकडून बोटींना आशीर्वाद दिला जातो. त्याच्या जोडीला आता हवामान विभागाचे इशारे आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचे लाटांचे व मासळीच्या संभाव्य ठिकाणांचे अंदाज मोबाइलवर पाहिले जातात.

संकटात मदत कशी मागायची?

प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आणि चालू स्थितीतला व्हीएचएफ रेडिओ हवाच. संकटात व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनेलवर मदत मागता येते. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक आहेत. रेंजबाहेरच्या बोटींशी संपर्क राहावा म्हणून १ लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच झाली. त्यावरून दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येतो.

बोट सुटण्याआधीचं शेवटचं काम मात्र बिनखर्चाचं आहे. बोटीवर कोण कोण आहे, कुठल्या दिशेला चाललेत आणि कधी परतणार, याची यादी बंदरावरच्या नोंदीत आणि घरी ठेवायची. बोट वेळेत परतली नाही तर शोध याच यादीवरून सुरू होतो.