शतावरी, प्लुमोसस आणि स्प्रेंगेरी

मैत्रिणींनो, मध्यंतरी आमच्या होळीत शेजारच्या एका सुनेने बाळंतपणानंतर दूध वाढावं म्हणून कुंडीतल्या वेलीची मुळं उकळायला काढली होती. रोपवाल्याने ‘शतावरी’ सांगून दिलेलं झाड. निघालं प्लुमोसस, गुच्छात गुलाबामागे लावतात ती हिरवी जाळी. सासूबाईंनी हटकलं म्हणून थांबली. म्हणून हे लिहायला घेतलं.

गंमत म्हणजे ‘फर्न’ म्हणून विकलं जाणारं यातलं एकही फर्न नाही. फर्नला फूल येत नाही. यांना बारीक पांढरी फुलं आणि वाटाण्याएवढी फळं येतात. सगळी अ‍ॅस्परॅगसची भावंडं. आपण ज्याला पान म्हणतो ती खरी तर हिरवी फांदी. खरं पान म्हणजे तिच्या बुडाशी असलेला खवला, खोडावर त्याचाच काटा होतो.

शतावरी आपल्या सह्याद्रीची. वैद्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, पण अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस हे नाव विल्डेनोने १७९९ मध्ये दिलं. तिची एक दख्खनी बहीणही आहे, जॅकमोंटी. व्हिक्टर जॅकमाँ हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १८३२ च्या डिसेंबरात मुंबईत वारला, त्याच्या आठवणीचं हे नाव. दिलं क्यू बागेच्या बेकरने, १८७५ मध्ये.

त्याच बेकरने त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या वेलीला ‘प्लुमोसस’, म्हणजे पिसासारखा, म्हटलं. पण कुंथने १८५० मध्येच तिला राठ केसांवरून ‘सेटेशिया’ नाव देऊन ठेवलं होतं. नियमाप्रमाणे जुनं नाव खरं, म्हणून १९६६ मध्ये जेसपने तिला अ‍ॅस्परॅगस सेटेशियस केलं. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, खातं एकच, नावं दोन. बाजाराने मात्र जुनी पाटी उतरवलीच नाही. स्प्रेंगेरीचं तसंच. नेपल्सच्या कार्ल स्प्रेंगर या रोपवाल्याचं नाव १८९० मध्ये तिला मिळालं, आणि पुढे ठरलं की ही तर लिनियसने १७६७ मध्ये लिहून ठेवलेली एथिओपिकस.

आता ओळखायचं कसं? प्लुमोससची डहाळी आडवी, चपटी, त्रिकोणी, सुया केसाइतक्या बारीक, फळ पिकून काळपट. लहानपणी झुडूप दिसतं, मग अचानक लांब दोर फेकून खिडकीच्या गजाला विळखा घालतं. (‘नाना’ नावाचा बुटका प्रकार चढत नाही.) स्प्रेंगेरी चढण्यापेक्षा कुंडीबाहेर लोंबते. सुया चपट्या, सेंटिमीटरभर किंवा जास्त लांब, फळ लालभडक. शतावरी काटेरी आणि खरी चढणारी; सुया किंचित वाकड्या, दोन ते सहाच्या झुपक्यात, आणि फुलांचे सुवासिक तुरे.

खरी खूण मातीखाली. शतावरीला बोटासारख्या लांबट मुळांचा घोस असतो, म्हणूनच आपल्याकडे अनंतकायाच्या यादीत तिचं नाव आहे आणि आपल्यातल्या पुष्कळजणी ती घेत नाहीत. प्लुमोससला असा घोस नसतो. स्प्रेंगेरीला मात्र पाणी साठवणाऱ्या गोल गाठी असतात, त्यामुळे नुसते कंद दिसले म्हणून शतावरी समजू नका. औषधाचं काम असेल तर वैद्यांना विचारावं, कुंडी उकरू नये.

स्प्रेंगेरीची लाल फळं घरात रांगतं मूल असेल तर तोडून टाका. पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, आणि मुलांना ती करवंदाइतकीच खायची वाटतात.