चिमूरची बातमी आणि तारेची उंची

चिमूर परिसरात १९४२ चा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: नेताजींनी बर्लिन रेडिओवरून चिमूर स्वतंत्र झाल्याचं जगाला सांगितलं होतं. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला उठाव झाला. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्हा म्हणून ओळखला जाई; आजचा गडचिरोली जिल्हाही त्यातच होता. रेडिओच्या या आठवणीबद्दल मला नेहमी दोन पक्ष भेटतात. एक पक्ष ती जशीच्या तशी स्वीकारतो. दुसरा विचारतो, जंगलाच्या जिल्ह्यात, गावात वीज नसताना, बर्लिन कोण ऐकणार? एवढ्या लांबचं पकडायला उंच मनोरा लागतो, तो कुठे होता?

चिमूर ते बर्लिन हवाई अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर आहे. आझाद हिंद रेडिओचं प्रसारण १९४२ साली सुरू झालं आणि ते लघुलहरींवर होत असे. त्या भाषणांचे शब्द तपासणं हे कागदपत्रांचं काम आहे. मला इथे फक्त मनोऱ्याचा आक्षेप तपासायचा आहे. इतिहासात कागद वाचावा लागतो तशी कधी कधी तारही वाचावी लागते.

उंचीचा हा दबदबा आला मार्कोनीकडून. सुरुवातीच्या प्रयोगांत त्याला दिसलं की तारेची उंची दुप्पट केली तर पल्ला साधारण चौपट होतो. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश पकडताना त्याने पतंगाला बांधून सुमारे ५०० फूट तार आकाशात चढवली होती. त्या काळच्या लहरी शेकडो, पुढे तर हजारो मीटर लांबीच्या असत. एवढ्या लहरीपुढे माणसाने उभारलेला कोणताही खांब ठेंगणाच. त्यामुळे वाढवलेला प्रत्येक फूट उपयोगी पडे. ‘जितकं उंच तितकं लांबचं’ हा समज तेव्हा जन्मला आणि लहरी आखूड झाल्यावरही टिकून राहिला.

त्याला पहिला मोठा धक्का हौशी मंडळींनी दिला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेचा पॉल गॉडली स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन इथे जाऊन बसला आणि अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संदेश त्याने ऐकले. त्याचा एरियल होता १,३०० फूट लांब, पण जमिनीपासून उंच फक्त १२ फूट! लहर सुमारे २३० मीटरची. म्हणजे तारेची उंची लहरीच्या साठाव्या हिश्शाच्या आसपास. आपल्याकडे मांडव घालायचा बांबूदेखील याहून उंच असतो. ही ठेंगणी तार एकाच दिशेचं चांगलं ऐके आणि इतर बाजूंची खरखर टाळी. लांबचं ऐकणं म्हणजे नुसती शक्ती गोळा करणं नव्हे, तर गोंगाटातून आवाज वेगळा काढणं, हे त्यातून स्पष्ट झालं.

पुढचा धडा महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळाला. १९२७ मध्ये पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडला बिनतारी संदेश जाऊ लागले आणि तिकडचे संदेश दौंडला उतरू लागले. पाठवणं एकीकडे आणि घेणं दुसरीकडे, कारण आपल्याच यंत्राच्या आवाजाने आपलेच कान बधिर होऊ नयेत. या योजनेत आधीच्या अजस्र लांब लहरींची जागा लघुलहरींनी घेतली. भारतासाठी दिवसा सुमारे १६ मीटर, रात्री सुमारे ३४ मीटर. या ‘बीम’ पद्धतीच्या इंग्लंडमधल्या केंद्रांचे मनोरे जवळपास २८० फुटांचे होते. मग उंची लागतेच ना, असं कोणी म्हणेल. लागते, पण कोणाला? बारा महिने, ठरलेल्या वेगाने, एक अक्षरही न गाळता व्यापारी तारा पोचवायच्या असणाऱ्याला. संध्याकाळी अर्धा तास बातमी समजून घेणाऱ्या माणसाला नव्हे.

आता चांद्याचा हिशेब करू. लघुलहर वर जाते, आयनांबरावरून परत वळते, जमिनीवर येते आणि पुन्हा उसळी घेते. एका उसळीचा पल्ला जास्तीत जास्त चारेक हजार किलोमीटर. म्हणजे बर्लिनहून चिमूरला यायला किमान दोन, बहुधा तीन उसळ्या. तीन उसळ्यांनी आलेली लहर क्षितिजापासून अवघ्या दहाएक अंशांवरून उतरते. आडवी तार जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीवर असेल तर तिचं सर्वाधिक लक्ष ३० अंशांकडे असतं. पूर्ण तरंगलांबीवर नेली तर ते सुमारे साडेचौदा अंशांवर येतं. २५ मीटरची लहर धरली तर ही उंची अनुक्रमे साडेबारा आणि २५ मीटर होते.

पंचवीस मीटर उंच तार चांद्याच्या खेड्यात कोणी बांधली नसेल, हे उघड आहे. पण सहा मीटर? घराच्या आढ्यावरून समोरच्या झाडापर्यंत, किंवा दोन बांबूंच्या मध्ये, ती सहज बसते. साडेबारा मीटरऐवजी सहा मीटरवर तार असेल तर दहा अंशांवरून येणाऱ्या लहरीचं व्होल्टेज साधारण निम्मं होतं. हौशी रेडिओच्या मोजपट्टीत हा फरक फक्त एका घराचा आहे. ही मोजपट्टी नऊ घरांची असते. जोरदार केंद्र एका घराने खाली आलं म्हणून ऐकू येईनासं होत नाही.

शिवाय ऑगस्टमध्ये खरा शत्रू असतो वीज. पावसाळी ढगांतल्या विजांची खरखर शेकडो किलोमीटरवरून येते. तार उंच नेली की बातमी वाढते, पण खरखरही वाढते. उलट गावात विजेचे दिवे, मोटारी, पंखे काहीच नसल्यामुळे आजच्या घरांत असतो तो यंत्रांचा गोंगाट तेव्हा नव्हता. वीज नसणं हे आक्षेप घेणाऱ्यांना अडचणीचं वाटतं. बॅटरीवर चालणारा संच ज्याच्याकडे होता, त्याच्यासाठी तीच सोय होती. साग-ऐनाच्या जंगलाचंही तसंच: आकाशातून उतरणाऱ्या लघुलहरींना झाडांचा फारसा अडसर होत नाही.

ऐकणं आणि बोलणं यांतला फरक त्याच वर्षी मुंबईत दिसला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला. त्यांना वारंवार जागा बदलावी लागली आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. बोलणाऱ्याची लहर त्याचा पत्ता सांगत असते. ऐकणाऱ्याची तार मुकी असते. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ती कोणाच्या नजरेत भरत नाही.

उंचीच्या समजाचा दुसरा तोटा आजचा आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. भामरागड ते नागपूर हवाई अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. वनखात्याच्या हातातल्या संचासारखे व्हीएचएफ संच जवळपास नजरेच्या रेषेत चालतात. १० मीटर खांबावरून त्यांचं क्षितिज जेमतेम १३ किलोमीटर, १०० मीटर उंच टेकडीवरून ४१ किलोमीटर. इथे उंचीला पर्याय नाही. पण ४० मीटरच्या लघुलहरीवर नागपूर गाठायचं असेल तर आडवी तार सात-आठ मीटरवरच ठेवावी. ती लहर जवळजवळ सरळ वर फेकते, आणि लहर वरून पावसासारखी आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर पडते. तीच तार खूप उंच नेली तर परदेश जवळ येतो आणि नागपूर दुरावतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संपर्काचं मोठं काम केलं. आपल्या जंगलपट्टीत असं काम करायला दोन बांबू, एक तार आणि बॅटरी पुरते. परवाना आणि सराव मात्र आधीच हवा.

तेव्हा मनोऱ्याचा आक्षेप टिकत नाही. बर्लिनहून नेमकं काय बोललं गेलं हे यातून सिद्ध होत नाही, पण चांद्यात ते ऐकणं अशक्य होतं असंही कोणाला म्हणता येणार नाही. चिमूर, ब्रह्मपुरी, वरोरा भागातल्या म्हाताऱ्या माणसांना आता ‘मनोरा कुठे होता’ असं विचारू नये. संच कोणाच्या घरी होता, बॅटरी भरायला कुठे नेत, किती वाजता लावत, ओसरीवर कोण कोण बसत, हे विचारावं आणि लिहून ठेवावं. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलंही आज नव्वदीच्या पुढे आहेत.