शब्द : संबोधन की अनुकरण ? – मार्सीलिओ फिचीनोच्या यातुसाधनेचा विचार

१

यातुविद्येच्या इतिहासात अभ्यासकांचे लक्ष बहुधा दोन टोकांकडे जाते. एका टोकास लोकसमाजातील उतारे, गंडेदोरे आणि जारणमारण असते. दुसऱ्या टोकास धर्मपीठाच्या न्यायासनापुढे उभे केलेले चेटूक. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आढळतो. विद्वान मनुष्याने मुख्यतः स्वतःच्या जीवनासाठी, विचारपूर्वक रचलेली आणि आपल्या श्रद्धेच्या कसोटीवर पुन्हा पुन्हा घासून पाहिलेली अशी ती यातुसाधना होय. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सीलिओ फिचीनो (१४३३–१४९९) याची साधना हे या प्रकाराचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण मानता येईल.

या साधनेचे वैद्यकीय व ज्योतिषविषयक अंग पुष्कळ चर्चिले गेले आहे. डी. पी. वॉकर यांचा १९५८ मधील आणि फ्रान्सेस येट्स यांचा १९६४ मधील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून तर प्रबोधनकाळाच्या अभ्यासात फिचीनोस मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. प्रस्तुत विवेचन मात्र एकाच प्रश्नापुरते मर्यादित आहे : या साधनेत शब्दाला कोणते कार्य नेमून दिले होते ? प्रश्न भाषाशास्त्रीय दिसतो खरा. परंतु फिचीनोच्या दृष्टीने त्याच्या उत्तरावर आपण धर्मनिष्ठ आहो की मूर्तिपूजक, याचा निर्णय अवलंबून होता.

२

फिचीनो हा वैद्याचा मुलगा. वडील मेदिची घराण्याच्या सेवेत होते आणि वैद्यकाचा संस्कार मुलाच्या सर्व लेखनावर राहिला. कोझिमो दे मेदिची याने त्यास फ्लॉरेन्सनजीक कारेज्जी येथे घर दिले आणि प्लेटोचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणण्याचे कार्य सोपविले. तथापि हर्मीस त्रिस्मेगिस्तुस या प्राचीन मिसरी ऋषीच्या नावावर चालत आलेले चौदा ग्रीक प्रबंध मॅसिडोनियाहून फ्लॉरेन्सला पोहोचताच, प्लेटो बाजूस ठेवून प्रथम त्यांचे भाषांतर करावे, अशी कोझिमोची आज्ञा झाली. ते काम १४६३ मध्ये पुरे झाले; पुढच्याच वर्षी कोझिमो वारला. समग्र प्लेटो लॅटिनमध्ये छापून निघावयास १४८४ साल उजाडले. दरम्यान १४७३ मध्ये फिचीनोने धर्मगुरूची दीक्षा घेतली होती. म्हणजे पुढे ज्या साधनेचा विचार करावयाचा आहे ती एका ख्रिस्ती पुरोहिताची साधना होती, हे आरंभीच लक्षात ठेवले पाहिजे.

या साधनेचे मूळ एका वैयक्तिक दुःखात आहे. फिचीनोची कुंडली कुंभ लग्नाची, आणि लग्नी शनी. शनी म्हणजे कृष्णपित्त, आणि कृष्णपित्त म्हणजे खिन्नता, हे समीकरण युरोपीय वैद्यकात रूढ होते. आपला मित्र जोव्हान्नी कावालकांती यास लिहिलेल्या पत्रात फिचीनोने या ग्रहाविषयी गाऱ्हाणे केले. ज्या शनीने तुला ही बुद्धी आणि ही स्मृती दिली त्यालाच दोष काय देतोस, अशा आशयाचे उत्तर मित्राकडून आले. पुढे फिचीनोने हाच धागा धरून विद्वानांच्या खिन्नतेची समग्र मीमांसा केली. शनी जसा ग्रासतो तसा तो चिंतनाच्या उच्चतम पातळीवरही नेतो. म्हणून त्याला टाळावयाचे नाही, तर रवी, गुरू आणि शुक्र या सौम्य ग्रहांच्या साह्याने त्याचा तोल सांभाळावयाचा, ही त्याची भूमिका ठरली. साडेसातीच्या कल्पनेत वाढलेल्या वाचकास ही भूमिका परिचित वाटेल. येथे मात्र शनीची शांती करावयाची नसून त्याच्यासह नांदावयाचे आहे.

३

'जीवनाविषयी तीन ग्रंथ' या नावाचे फिचीनोचे पुस्तक डिसेंबर १४८९ मध्ये फ्लॉरेन्स येथे छापले गेले. पहिला भाग विद्वानांच्या आरोग्याविषयी, दुसरा दीर्घायुष्याविषयी आणि तिसरा जीवन आकाशस्थ शक्तींशी जुळवून कसे घ्यावे याविषयी आहे. पहिल्या भागात विद्याव्यासंगी मनुष्याचे पाच शत्रू सांगितले आहेत : कफ, कृष्णपित्त, कामसेवन, अतिभोजन आणि सकाळची झोप. औषधांमध्ये केशर व दालचिनी यांच्या जोडीला हिरडा-आवळा वर्गातील फळांची विशेष प्रशंसा आहे. ही फळे अरबी वैद्यकाच्या मार्गाने युरोपात पोहोचली होती. संस्कृत 'आमलक'पासून फार्सी व अरबीमार्गे 'आम्लज' आणि त्यावरून लॅटिनमधील 'एम्ब्लिका' अशी शब्दाची वाटचाल तो प्रवास आजही दाखविते.

तिसऱ्या भागाचा उगम प्लॉटायनसच्या एका उताऱ्यावरील भाष्यात आहे. देवतांचे सान्निध्य हवे असणाऱ्या प्राचीनांनी मूर्ती आणि मंदिरे का उभारली, याची चर्चा तेथे येते. तिला आधार धरून फिचीनो एक सिद्धान्त मांडतो. शरीर आणि आत्मा यांच्यामध्ये एक सूक्ष्म, उष्ण, रक्तापासून निर्माण होणारे बाष्परूप तत्त्व असते. लॅटिनमधील 'स्पिरितुस' या शब्दासाठी येथे प्राण हा शब्द योजणे सोयीचे होईल. मनुष्याचा जसा प्राण, तसाच विश्वाचाही प्राण आहे आणि ग्रहांचे गुण त्याच्याद्वारे खाली उतरतात. ज्या वस्तूंमध्ये एखाद्या ग्रहाचा गुण विशेष साठलेला असतो त्यांचा योग्य वेळी, योग्य मेळाने उपयोग केला असता साधकाचा प्राण त्या ग्रहाशी समगुण होतो. सुवर्ण, केशर, मध, ऊद, कोंबडा, सिंह हे सारे रवीचे. हिरवा, सोनेरी आणि नील हे तीन रंग विश्वातील तीन कृपादेवतांचे. घराच्या अंतर्भागातील, जेथे आपण बहुतेक वेळ राहतो व झोपतो त्या खोलीच्या छतावर या रंगांत विश्वाचे चित्र काढावे, म्हणजे बाहेर पडल्यावर सुट्या सुट्या वस्तूंऐवजी विश्वाचे एकसंध रूपच डोळ्यांपुढे राहील, अशी सूचना फिचीनो करतो. या साधनेचा रोख बाह्य जगावर सत्ता गाजविण्याकडे नाही. आपल्या दृष्टीला आणि चित्ताला वळण लावण्याकडे तो आहे, हे या एका उदाहरणावरूनही दिसून येते.

४

येथवर धर्मशास्त्राची विशेष अडचण नव्हती. ग्रहांचा प्रभाव शरीरावर पडतो आणि वनस्पतींत तसे गुण असतात, हे सेंट टॉमस अक्वायनस यासही मान्य होते. आक्षेप सुरू होतो तो शब्द आणि आकृती यांपाशी. तेराव्या शतकात अक्वायनसने मांडलेला युक्तिवाद भाषाशास्त्रज्ञाने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. शब्द हे चिन्ह आहे. चिन्हाला अर्थ असतो तो केवळ ते समजणाऱ्या बुद्धीच्या ठायी. दगडाला किंवा ताऱ्याला शब्द कळत नाही. तेव्हा यातुकर्मात शब्दाने काही घडत असेल, तर तो शब्द कोणी तरी ऐकत असला पाहिजे. तो ऐकणारा ईश्वर किंवा देवदूत नसेल, तर पिशाचच असणार. तात्पर्य, यातुकर्मातील प्रत्येक शब्द हे संबोधन होय आणि अशा श्रोत्यास केलेले संबोधन म्हणजे पाप.

या युक्तिवादातून सुटण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे शब्दाच्या अर्थाशी फारकत घेऊन त्याच्या स्वरूपालाच शक्ती बहाल करणे. जोव्हान्नी पीको देल्ला मिरांदोला हा तरुण पंडित याच्या जवळ जातो. यातुकर्मात हिब्रू किंवा तिच्यातून निघालेली नामेच समर्थ ठरतात, असे त्याने १४८६ च्या आपल्या नऊशे प्रतिपाद्यांत म्हटले. यातुविद्या आणि कब्बाला यांच्याइतके ख्रिस्ताच्या देवत्वाची खात्री पटविणारे दुसरे शास्त्र नाही, हेही त्याचेच प्रतिपाद्य. ते आणि इतर बारा मिळून तेरा प्रतिपाद्ये १४८७ पर्यंत निषिद्ध ठरली. दुसरा मार्ग फिचीनोने निवडला. त्याने शब्दाचा अर्थ सोडला नाही; शब्दाचे व्याकरणिक कार्य बदलले.

ताईतांच्या बाबतीत तो साशंक आहे. कोरलेल्या आकृतीपेक्षा धातूचा गुण आणि तो तापविण्याची, ठोकण्याची क्रियाच अधिक कार्य करीत असावी, असे तो सुचवितो आणि ताईतापेक्षा औषध बरे, असा कौल देतो. गीताकडे वळताच मात्र त्याची लेखणी मोकळी होते. गीत हे हवेचे बनलेले असते. ती हवा उष्ण, स्पंदित आणि जणू सजीव असते. तिच्यात गती असते आणि अर्थही असतो. म्हणून गीत हे सर्वांत समर्थ अनुकरण होय. ते भाव, स्वभाव आणि कृती यांचे अनुकरण करते आणि गाणाऱ्यास व ऐकणाऱ्यास त्या भावाकडे खेचते. अशा गीताचे तीन नियम तो देतो. पहिला असा, की ताऱ्याच्या ठायी कोणते गुण आहेत ते शोधून ते गीताच्या अर्थात आणावे. त्याने दूर होणाऱ्या गोष्टींचा धिक्कार आणि प्राप्त होणाऱ्या गोष्टींचा पुरस्कार करावा. दुसरा नियम, कोणता तारा कोणत्या प्रदेशावर व कोणत्या माणसांवर अधिकार चालवितो ते पाहून त्यांच्या स्वरांशी आपले स्वर जुळवावेत. तिसऱ्या नियमाप्रमाणे, ग्रहस्थितीनुसार लोक कोणत्या बोलण्याकडे, गाण्याकडे व हालचालींकडे प्रवृत्त होतात ते रोज निरखावे. शनीचा स्वर संथ, खोल, कर्कश व करुण. मंगळाचा तीव्र आणि धमकावणारा. रवीचे गीत साधे, गंभीर आणि लालित्ययुक्त. हे सांगताना आपण ताऱ्यांच्या पूजेविषयी नव्हे, तर त्यांच्या अनुकरणाविषयी बोलत आहो, अशी सूचना फिचीनो आवर्जून देतो.

या वाक्यात त्याच्या साधनेचे सार आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर संबोधन आणि आज्ञार्थ यांना त्याने यातुकर्मातून वगळले आणि वर्णनास स्थान दिले. शब्द आता ताऱ्याला उद्देशून नाही. तो ताऱ्यासारखा आहे. त्याचे कार्य दुसऱ्या कोणाच्या इच्छेवर होत नाही, साधकाच्या प्राणावर होते. सातव्या पायरीवर विशुद्ध चिंतन असलेल्या आपल्या शिडीत फिचीनोने शब्द व गीत यांना बरोबर मधली, चौथी पायरी दिली आहे. तिच्याखाली खनिजे, वनस्पती आणि सुगंध. तिच्यावर कल्पना, तर्क आणि बुद्धी. शब्द जडाला चेतनाशी जोडतो तो या मधल्या स्थानावरून.

५

हा तोडगा कितपत टिकला ? फिचीनोच्या स्वतःच्या आचरणात त्याला एक तडा होता. तरुणपणापासून तो ऑर्फियसच्या नावावरील ग्रीक स्तोत्रे तंतुवाद्याच्या साथीवर गात असे. १४६२ मध्ये कोझिमोस लिहिलेल्या पत्रात विश्वस्तोत्र गाइल्याचा उल्लेख आहे आणि त्या गायनापाठोपाठ आश्रयदात्याच्या कृपेची वार्ता आल्याचा आनंदही. ही स्तोत्रे मात्र रचनेने आपल्याकडील नामावलीच्या जातीची आहेत. प्रथम देवतेचे आवाहन, मग विशेषणांची मालिका आणि अखेर मागणे. अनेकांच्या शीर्षकांत कोणता धूप जाळावा हेही सांगितलेले असते. संबोधन आणि आज्ञार्थ हाच त्यांचा सांगाडा. अनुकरणाच्या सिद्धान्तात ती बसविणे अवघड होते, आणि फिचीनोस हे कळत होते. त्याने त्यांचे लॅटिन भाषांतर केले, परंतु प्रसिद्ध केले नाही. प्राचीन देवदेवतांच्या पूजेकडे आपण वाचकांना परत बोलावीत आहो असे वाटू नये म्हणून, हे कारण १४९२ मधील एका पत्रात त्याने नमूद केले आहे.

भीती निराधार नव्हती. पुस्तकाच्या मुद्रणापूर्वीच, १५ सप्टेंबर १४८९ रोजी, त्याने त्यासोबत जोडावयाचे समर्थन लिहिले. यातुविद्या दोन प्रकारची, असे तेथे म्हटले आहे. एक पिशाचांच्या उपासनेची. ती सर्वथा त्याज्य. दुसरी निसर्गाची, ती शेतकऱ्याच्या कामासारखी. शेतकरी आकाशाला आज्ञा करीत नाही. तो केवळ जमीन आणि बी आकाशाच्या दानासाठी सिद्ध करून ठेवतो. तरीही १४९० मध्ये रोमच्या पोपदरबारी त्याच्याविषयी कुरबूर झालीच. वजनदार मित्रांच्या मध्यस्थीने ते संकट टळले.

पुढील इतिहासाने हा तोल राखला नाही. अग्रिप्पाच्या १५३३ मध्ये पूर्ण स्वरूपात छापल्या गेलेल्या ग्रंथात फिचीनोचे विवेचन देवदूतांची नामे आणि आवाहने यांच्या शेजारी येऊन बसले. टाळलेले संबोधन परत आले. ज्या प्राचीन ऋषीच्या आधाराने फिचीनोने ही सारी उभारणी केली होती, त्याचे प्राचीनत्वही १६१४ मध्ये आयझॅक कॅसोबाँने हिरावून घेतले. हर्मीसच्या प्रबंधांतील ग्रीक शब्दसंपत्ती व शैली ख्रिस्तपूर्व अतिप्राचीन काळाची असू शकत नाही, हे त्याने दाखवून दिले. यातुविद्येच्या एका भव्य परंपरेचा निकाल अशा रीतीने भाषेच्या पुराव्यावर लागला.

६

भारतीय परंपरेत याच प्रश्नाचा निराळा उलगडा झाला. मंत्र अर्थरहित आहेत हे कौत्साचे मत यास्काने निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात नोंदवून खोडून काढले. मीमांसकांनी मंत्रांची अर्थवत्ता स्वीकारली. पण शबराने देवतेला शरीर, भोजन आणि प्रसाद नाकारले. संबोधन कायम राहिले, ऐकणारा मात्र उरला नाही, फल कर्मातूनच. फिचीनोने ऐकणाऱ्यास भिऊन संबोधन सोडले. मीमांसकांनी संबोधन राखून ऐकणाऱ्यास सोडले. या दोन विचारांत ऐतिहासिक संबंध शोधण्याचे कारण नाही. साम्य आहे ते प्रश्नाचे : उच्चारलेला शब्द कार्य करतो असे मानले, तर ते कार्य कोणावर ? १९६८ मध्ये एस. जे. तांबिया यांनी यातुशब्दांच्या सामर्थ्याची मीमांसा करताना हाच प्रश्न मानवशास्त्राच्या भूमीवर पुन्हा उभा केला.

फिचीनोचे उत्तर अपुरे होते, यात शंका नाही. अर्थपूर्ण गीत गाणारा मनुष्य कोणाशी तरी बोलत नाही, हे त्याला स्वतःच्या स्तोत्रांच्या बाबतीत सिद्ध करता आले नाही. पण या अपुरेपणाची त्याला जाणीव होती, आणि तीच त्याच्या साधनेस विचारपूर्वक हे विशेषण मिळवून देते. आपल्या ग्रंथात त्याने गीताचे नियम दिले, ग्रहांचे स्वर वर्णिले. परंतु गीताचा एकही नमुना दिला नाही. शब्द कागदावर उतरला की तो कोणाला उद्देशून आहे हे विचारले जाणारच. ती एक जागा त्याने रिकामी ठेवली.