पॅलेस्टिनी तरुणांकडे कमी काय आहे, कौशल्य की हक्क?

बेरोजगार माणसालाच दोषी ठरवायचे असेल, तर एक वाक्य पुरते: "यांच्याकडे कौशल्य नाही." पॅलेस्टिनी स्त्रिया आणि तरुणांच्या रोजगाराची चर्चा निघाली की याच वाक्यापासून सुरुवात होते आणि आणखी एक प्रशिक्षण वर्ग निघतो. मित्रांनो, हे वाक्य इतिहासावर घासून बघू.

1948 साली सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी आपल्या गावांतून उखडले गेले. त्यांत शेतकरी मोठ्या संख्येने होते. जमीन गेली तसे कामही गेले. डिसेंबर 1949 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्यासाठी 'उनर्वा' ही संस्था स्थापन केली. तिच्या पूर्ण नावात 'मदत' या शब्दासोबत 'कामे' हाही शब्द आहे. मोठी कामे काढून निर्वासितांना शेजारच्या देशांतच सामावून घ्यायचे, असा विचार होता. लोकांना मात्र आपल्या गावी परतायचे होते. ती योजना फसली आणि भर शिक्षणावर गेला. 1953 मध्ये कलंदियाला व्यावसायिक प्रशिक्षण केंद्र निघाले, 1962 मध्ये रामल्लाला मुलींसाठी निवासी केंद्र. म्हणजे ही पोरे-पोरी सत्तर वर्षे शिकतच आहेत. कुवेतसारख्या देशांच्या शाळा, कार्यालये आणि इमारती उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1990-91 च्या आखाती युद्धानंतर तिथूनही लाखोंना निघावे लागले. कौशल्य होते, पण पाठीशी देश नव्हता.

1967 नंतर वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले. 1987 पर्यंत इथले एक लाखाहून अधिक मजूर रोज इस्रायलमध्ये कामाला जात होते. मजुरी मिळत होती, पण ती परवान्यावर आणि नाक्यावरच्या सैनिकाच्या मर्जीवर अवलंबून होती.

स्त्रियांनी दुसरी वाट काढली. समीहा खलील यांनी 1965 मध्ये अल-बिरेह इथे एका गॅरेजमध्ये 'इनआश अल-उसरा' ही संस्था सुरू केली. शिवणकाम, भरतकाम, खाद्यपदार्थ यांतून हजारो बायकांच्या हातात स्वतःचे पैसे आले. 1978 मध्ये रामल्लाला महिला कार्य समिती स्थापन झाली. काम आणि संघटन एकत्र आले की काय होते, हे सत्तेला बरोबर कळते. पहिल्या इंतिफादाच्या काळात, 1988 मध्ये, इस्रायली लष्कराने 'इनआश'ला टाळे ठोकले. याच समीहा खलील 1996 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी यासर अराफात यांच्या विरोधात उभ्या राहिल्या.

ऑस्लो करारानंतर तरी चित्र बदलले का? 1994 च्या पॅरिस करारानुसार आयात मालावरचा कर इस्रायलच गोळा करतो. वेस्ट बँकेचा सुमारे 60 टक्के भाग, ज्याला 'क' विभाग म्हणतात, पूर्णपणे इस्रायलच्या नियंत्रणात राहिला. 2007 पासून गाझाची नाकेबंदी झाली. शेत, विहीर, कारखाना, रस्ता, बंदर, सगळ्याला दुसऱ्याची परवानगी! आज पॅलेस्टिनी महाविद्यालयांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. तरीही 2023 च्या युद्धापूर्वीच पाचांतली एक बाईसुद्धा श्रमबाजारात नव्हती, आणि गाझात काम शोधणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होत्या. घरातली पुरुषसत्ताही याला जबाबदार आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जी बाई घरच्यांशी भांडून पदवी घेते, तिला पुढे नोकरीच नसेल तर घरच्यांचेच म्हणणे खरे ठरते.

ऑक्टोबर 2023 नंतर इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रोखले. वेस्ट बँकेतल्या दीड लाखांच्या आसपास मजुरांचे काम एका फटक्यात गेले. त्या जागा भरायला भारतातून बांधकाम मजूर नेले गेले. 2024 मध्ये महाराष्ट्रातही भरती झाली. आपला बेकार तरुण तिथे गेला तर त्याला मी दोष देणार नाही. त्याच्या घरची चूल मला माहीत आहे. पण आपण कोणाच्या जागेवर उभे आहोत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ज्याला आज परवान्यासाठी घरी बसवले, त्याच्याकडेही कौशल्य होतेच. आणि उद्या हाच परवाना आपल्या पोराचाही काढून घेता येतो.

म्हणून पॅलेस्टाइनमधल्या कोणत्याही रोजगार योजनेला एकच प्रश्न विचारावा: यातून जमीन, रस्ता आणि बाजार यांवरचा त्यांचा हक्क इंचभर तरी वाढतो का? वाढत नसेल, तर तो वर्ग कितीही चांगला असो, बाहेर पडणारी मुलगी प्रमाणपत्र घेऊन पुन्हा नाक्यावरच्या रांगेत उभी राहणार.